एकट्या आईची नवी सुरुवात: पडद्यावर ती खरी कधी वाटते?

केतकीबन (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेले काही दिवस मी एकाच विषयावरचे सिनेमे ओळीनं पाहतेय. नवरा वारलेला, सोडून गेलेला किंवा तिनंच सोडलेला. पदरी मूल, गाठीला फारसं काही नाही आणि संसार पुन्हा पहिल्यापासून मांडायचा. खून नाहीत, कारस्थानं नाहीत, नुसतं रोजचं जगणं. हे सिनेमे मला मनापासून आवडतात, म्हणूनच एक तक्रार आहे.

पहिला तासभर सगळं खरं असतं. भाड्याची खोली, नोकरीसाठी घातलेले खेटे, मुलाची चिडचिड. मग एक भला माणूस येतो. शांत, समजूतदार, मुलाशी जमवून घेणारा. तो आला की नोकरी, घर, मुलाचा राग हे सगळे प्रश्न फळ्यावरून पुसल्यासारखे नाहीसे होतात. तिनं इतका वेळ जे काही उभं केलं, ते जणू तो येईपर्यंतची वेळ काढण्यासाठीच होतं.

मार्टिन स्कॉर्सेसींचा १९७४चा 'अ‍ॅलिस डझन्ट लिव्ह हिअर एनीमोर' घ्या. नवरा अपघातात जातो, अ‍ॅलिस सामानसुमान विकते आणि मुलाला गाडीत घालून न्यू मेक्सिकोतून निघते. जायचंय कॅलिफोर्नियातल्या माँटेरेला, कारण लहानपणी ती तिथं गायची. पोचते ॲरिझोनातल्या टुसॉनपर्यंत, गाण्याऐवजी हॉटेलात वाढपाचं काम मिळतं आणि तिथं डेव्हिड भेटतो. एलन बर्स्टिनचं काम अप्रतिम आहे, ऑस्कर उगाच मिळालं नाही. पण शेवटी तो सगळं सोडून तिच्याबरोबर यायला तयार होतो, आणि माझ्या मनात गाणं अर्धवटच राहिलं.

तर प्रश्न असा: कुठला सिनेमा शेवटपर्यंत तिच्या कष्टांबरोबर राहिला? आणि त्यातलं काय पाहून तुम्हाला वाटलं की हो, हे असंच असतं?

(शेवटांबद्दल बोलायचं आहे. ज्यांना रसभंग नको त्यांनी जपून वाचा.)

---

अवकाळी

मस्त विषय! रुमाल टाकून जागा धरतो, सविस्तर रात्री लिहीन.

---

पोस्टकार्ड

धागा आवडला, पण अ‍ॅलिसवर अन्याय झालाय असं माझं स्पष्ट मत आहे.

तो सिनेमा डेव्हिडचा नाहीच. आई आणि मुलाचा आहे. गाडीतले त्यांचे संवाद आठवा. टॉमी तेच तेच बोलून तिचं डोकं खातो, ती वैतागते, मग दोघंही हसत सुटतात. नवरा असताना त्या घरात कुणी एवढ्या मोकळेपणी बोलतच नव्हतं. नवी सुरुवात ती तिथंच झाली, डेव्हिड यायच्या कितीतरी आधी.

आणि बारमालकाचा प्रसंग? ती गायिकेचं काम मागायला जाते, तो तिला वळून दाखवायला सांगतो. ती कारण विचारते. तो म्हणतो, बघायचंय. त्यावर ती त्याला बजावते की बघायचं तर चेहऱ्याकडे बघा, गाणं तिथून येतं. नोकरीची निकड असलेल्या बाईनं हे म्हणणं किती अवघड असतं!

आणखी एक. ही पटकथा बर्स्टिननं स्वतः उचलून धरली आणि मग दिग्दर्शक शोधला. तेव्हा स्कॉर्सेसी आजच्याइतके मोठे नव्हते, तिनं 'मीन स्ट्रीट्स' पाहून त्यांना विचारलं. म्हणजे बाईच्या नव्या सुरुवातीचा हा सिनेमा एका बाईच्या हट्टामुळे झाला. शेवट थोडा गोड असेल, पण त्या एका गोष्टीसाठी मी तो केव्हाही पुन्हा पाहीन.

---

निळाई

मी स्वतः एकटीनं मुलगी वाढवलीय, म्हणून लिहिते.

अ‍ॅलिसमध्ये मला सगळ्यात खरं काय वाटलं सांगू? ती काम शोधायला जाते तेव्हा टॉमी मोटेलच्या खोलीत एकटा टीव्हीसमोर बसलेला असतो. दिग्दर्शक त्यावरून तिला दोषही देत नाही आणि बिच्चारीही करत नाही. पोर एकटं आहे, बस्स. कारण दुसरा मार्गच नाही.

बहुतेक सिनेमांत हा प्रश्नच नसतो. आई मुलाखतीला गेली की मूल पडद्यावरून गायब! अहो, ते असतं कुठं? माझी सगळी वर्षं ह्याच एका प्रश्नाभोवती फिरली. सकाळी मुलीच्या कपाळाला हात लावायचा आणि गरम लागलं की आधी काळजी तिच्या तापाची नाही, आज रजा मागायची कशी याची यायची. मग त्या विचाराचीच लाज वाटायची. हे मी अजून कुठल्या सिनेमात धड पाहिलं नाही.

मुलाखतींत कामाबद्दल कमी आणि मुलीला कोण सांभाळणार याबद्दल जास्त विचारायचे. एका ठिकाणी तर मी उत्तर देत असतानाच साहेबांनी कागद मिटून बाजूला ठेवले. नाव घेत नाही, पण तो कागद मिटल्याचा आवाज अजून कानात आहे.

---

टोकदार

आपल्या हिंदी सिनेमाबद्दल बोलल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही. आपल्याकडे एकटी आई भरपूर, पण 'नवी सुरुवात' तिची नसतेच, मुलाची असते.

'मदर इंडिया' (१९५७) मधली राधा. नवरा दोन्ही हात गमावतो आणि घर सोडून जातो. ती शेत नांगरते, सावकाराला तोंड देते, पोरं वाढवते. नर्गिसचं काम थोरच. पण राधाला स्वतःसाठी काही हवं आहे का, हा प्रश्न तो सिनेमा विचारत नाही. तिला धरतीमाता करून टाकलं. 'आराधना' (१९६९) मधली वंदना आपल्याच मुलाला दुसऱ्याच्या घरी आया म्हणून वाढवते, पुढे तुरुंगात जाते आणि बक्षीस काय, तर मुलगा बापासारखा वैमानिक होतो.

तीन दशकं हीच आई वेगवेगळ्या पातळांत येत राहिली. खोकला, शिलाई मशीन आणि पहिल्या नंबरानं पास झालेला मुलगा.

---

अवकाळी

त्या शिलाई मशीनला जीवनगौरव द्यायला हवा. किती पोरांना इन्स्पेक्टर केलं तिनं!

---

गवतफुला

टोकदार, सहमत. पण ती परंपरा मोडणारा सिनेमाही आपल्याकडे झालाय: अश्विनी अय्यर तिवारींचा 'निल बटे सन्नाटा' (२०१६ला आपल्याकडे लागला). आग्र्यातली घरकाम करणारी चंदा. मुलगी अपेक्षा दहावीत, गणितात पार कच्ची, आणि वर म्हणते की कामवालीची मुलगी कामवालीच होणार, शिकून करू काय? तेव्हा चंदा स्वतःच त्याच शाळेत, त्याच वर्गात नाव घालते. पुढे पैज लागते की गणितात मुलीनं आईपेक्षा जास्त मार्क आणले तर आई शाळा सोडेल.

केतकीबन, तुमच्या निकषावर हा पूर्ण उतरतो. नवऱ्याचा विषय जवळपास निघतच नाही, दुसरा पुरुष येत नाही. मुख्याध्यापक आहेत (पंकज त्रिपाठींनी काय धमाल केलीय), पण ते फक्त मुख्याध्यापक आहेत. चंदाला हात देते ती तिची मालकीण आणि वर्गातला एक मुलगा.

बारकावा सांगते. चंदा पहिल्यांदा वर्गात येते तेव्हा स्वरा भास्कर बाकावर अंग चोरून बसते, कुणाची तरी जागा अडवल्यासारखी. दिवसभर दुसऱ्यांच्या घरात वावरणाऱ्या बाईची ती सवय आहे. हळूहळू ती ऐसपैस बसायला लागते. कुणी त्यावर एक शब्द बोलत नाही.

---

शेवरी

निल बटे सन्नाटा मलाही आवडतो, पण मी मुलीच्या बाजूनं बोलणार आहे, कारण तिच्या बाजूनं कुणीच बोलत नाही.

पंधराव्या वर्षी आपली आई आपल्याच वर्गात येऊन बसली तर कसं वाटेल? मित्रमैत्रिणींत तुमची असलेली एकमेव जागा आईनं घेतली! अपेक्षा वाईट वागते, मान्य. पण तिचा राग खरा आहे आणि सिनेमा तिला कृतघ्न ठरवून थोडा सोपा रस्ता धरतो. मुलाला आईचे कष्ट दिसतात म्हणून ते लगेच शहाणं होत नाही. उलट ते कष्ट पाहून अपराधी वाटतं आणि अपराधीपणाचा राग होतो. मी हे जगलेय. माझी आई थकून आली की मी मुद्दाम भांडण उकरून काढायची. का, ते तेव्हा कळत नव्हतं.

याच बाबतीत १९४५चा 'मिल्ड्रेड पिअर्स' जबरदस्त आहे. नवरा घर सोडून गेल्यावर मिल्ड्रेड हॉटेलात वाढपी होते, पुढे स्वतःची हॉटेलं काढते, सगळं मुलीसाठी. आणि मुलीला लाज कशाची? आईच्या त्या वाढप्याच्या गणवेशाची! त्यात खून वगैरे आहे, त्यामुळे 'रोजचं जगणं' म्हणता येणार नाही, पण मायलेकींमधला तो डंख पाहून मी हादरले होते. जोन क्रॉफर्डला त्यासाठी ऑस्कर मिळालं. सत्तर वर्षांनी आग्र्यातली अपेक्षा त्याच लाजेनं बोलते हे किती विलक्षण आहे.

---

निळाई

शेवरी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. भांडण उकरून काढण्याबद्दल लिहिलंत ते आमच्या घरात घडलेलं आहे, फक्त मी दाराच्या दुसऱ्या बाजूला होते. आज मुलीला हा धागा पाठवते.

---

मीच तो बाबा

थोडी वेगळी बाजू. मी एकटा बाप आहे, मुलगा आता कॉलेजात आहे.

'क्रेमर व्हर्सेस क्रेमर' (१९७९) माझा अत्यंत आवडता. सुरुवातीला बापाला सकाळचा नाश्ताही धड करता येत नाही, स्वयंपाकघरात नुसता गोंधळ. शेवटी तेच बापलेक तोच नाश्ता एक शब्द न बोलता, एकमेकांच्या हाताला हात लावत करतात. ते पाहून मी रडलो होतो.

पण नंतर एक गोष्ट टोचत राहिली. बापानं घरातलं साधं काम केलं की प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मलाही तेच अनुभव आले. शाळेत गेलो की सगळे म्हणायचे, वा, किती करता हो मुलासाठी! तेच सगळं करणाऱ्या आया माझ्या शेजारी उभ्या असायच्या, त्यांना कुणी वा म्हणायचं नाही. मला ते कौतुक घेताना फार अवघडायला व्हायचं.

त्या सिनेमात जोआना, म्हणजे मुलाला सोडून गेलेली आई, सहज खलनायिका झाली असती. मेरिल स्ट्रीपला ते पटलं नाही आणि कोर्टातलं जोआनाचं निवेदन तिनं स्वतः नव्यानं लिहिलं. त्यामुळे तीही एक नवी सुरुवात करणारी आईच आहे हे कळतं. बापाची गोष्ट सांगताना आईची बाजू कापून टाकायची नसते, एवढं तरी आपल्या लेखकांनी यातून घ्यावं.

---

कातरकाम

मी संकलनाचं काम करते, त्यामुळे माझी तक्रार 'भल्या माणसा'बद्दल नाही, गाण्याबद्दल आहे.

तुम्ही पाहिलंच असेल: ती पहाटे उठते, मुलाला शाळेत सोडते, काम करते, रात्री अभ्यास करते, पेंगते, पुन्हा उठते. मागे गाणं. तीन मिनिटांत दोन वर्षं संपली आणि ती पास झाली! मी स्वतः असले तुकडे जोडलेत. पडद्यावर छान दिसतात, प्रेक्षकाला उभारी येते. पण एकट्या आईच्या गोष्टीत खरी कथा त्या तीन मिनिटांतच असते आणि आम्ही नेमकी तीच कापून टाकतो. कष्ट दिसतात, पण कष्टांचा कंटाळा दिसत नाही. तोच तो मंगळवार पुन्हा आल्याची भावना दिसत नाही.

म्हणून रिचर्ड लिंकलेटरचा 'बॉयहुड' (२०१४) मला या विषयावरचा सर्वांत प्रामाणिक सिनेमा वाटतो. नाव मुलाचं, पण पाहताना मी आईच पाहत होते. २००२ ते २०१३ अशी वर्षानुवर्षं, दरवर्षी थोडंथोडं चित्रीकरण, तेच नट. पॅट्रिशिया आर्केटचा चेहरा तुमच्या डोळ्यांदेखत बदलतो, रंगभूषेनं नव्हे, वयानं. ती दोन मुलांना घेऊन पुन्हा कॉलेजात जाते, प्राध्यापकाशी लग्न करते, तो दारुडा निघतो, तिथून मुलांना घेऊन पळते, पुढे स्वतः शिकवायला लागते.

पळण्याच्या प्रसंगात एक फार क्रूर खरेपणा आहे. त्या प्राध्यापकाचीही दोन मुलं आहेत. त्यांना ती बरोबर नेऊ शकत नाही, कायद्यानं ती तिची नाहीत. गाडी निघते आणि ती दोन मुलं त्याच घरात मागे राहतात. सिनेमा पुढं त्यांचं काय झालं ते सांगत नाही. नवी सुरुवात करताना कुणीतरी मागे सुटतं, हे इतक्या सरळ कुणी दाखवत नाही.

आणि केतकीबन, शेवटाचं म्हणाल तर मुलगा कॉलेजला निघतो तेव्हा ती एकटी टेबलाशी बसून रडते. लग्नं, घटस्फोट, पदवी, नोकरी, मुलांचं मोठं होणं, सगळे टप्पे गेले, आता उरलं काय, असा तिचा हिशेब. पदवी मिळवून, नोकरी करून, मुलं वाढवूनही तिला रितं वाटतं. यश आणि रितेपणा एकाच बाईत, एकाच वेळी!

---

टोकदार

बॉयहुडमध्ये एक प्रसंग मात्र मला खोटा वाटला. ती घरी पाइप दुरुस्त करायला आलेल्या मुलाला शिकायला सांगते, काही वर्षांनी तोच भेटून आभार मानतो. अगदी बोधकथा.

---

कातरकाम

त्यावर बरीच टीका झाली आणि ती रास्तच आहे. पण मला त्यात एक दिसतं: तिच्या स्वतःच्या मुलांनी तिला जे कधी म्हटलं नाही, ते एक परका मुलगा म्हणतो आणि ती गोंधळून जाते. तेवढ्यासाठी मी तो प्रसंग ठेवला असता. छोटा केला असता, पण ठेवला असता.

---

दुसरं पान

मी बराच वेळ लिहू की नको करत होते. केतकीबन, तुमच्या मूळ मुद्द्याशीच माझा वाद आहे.

माझा घटस्फोट झाला तेव्हा मुलगा लहान होता. नोकरी केली, घर चालवलं, सगळं केलं. आणि हो, काही वर्षांनी मला एक भला माणूस भेटला आणि मी लग्न केलं. आता कुठलीही अशी चर्चा वाचली की असं वाटतं, जणू मी परीक्षेत कॉपी केली. एकटीनं उभी राहिली तर ती खरी नायिका आणि जोडीदार मिळाला तर सिनेमा पडला?

एकटेपणाचं इतकं कौतुक करू नका हो. रात्री मूल झोपल्यावर दिवसात काय झालं ते सांगायला कुणी नसणं, ह्याला मी स्वातंत्र्य म्हणणार नाही. अ‍ॅलिसला डेव्हिड हवासा वाटतो यात मला काही खोटं वाटलं नाही. पस्तिशीतल्या बाईला प्रेम हवं असतं, स्पर्श हवा असतो, कुणीतरी आपल्यावर फिदा व्हावं असं वाटतं. आई झाली म्हणून ते संपत नाही. आपल्या हिंदी सिनेमानं तीन दशकं ते संपवलं, टोकदार यांनी वर लिहिलंच आहे. मग आता नव्या नियमानंही तेच संपवायचं का?

---

पोस्टकार्ड

दुसरं पान, उभं राहून टाळ्या.

---

केतकीबन

दुसरं पान, मनापासून लिहिलंत. तुम्ही कॉपी केली नाहीत, तुम्ही नोकरी, घर, मूल सगळं करून मग प्रेमही केलंत. माझी तक्रार तुमच्यासारख्या बाईबद्दल नाही, तुमच्यासारख्या बाईची गोष्ट अर्धी सांगणाऱ्या पटकथेबद्दल आहे.

डेव्हिडच्याच बाबतीत बघा. टॉमीच्या वाढदिवशी तो चिडून त्याला मारतो आणि त्यावरून त्याचं आणि अ‍ॅलिसचं मोठं भांडण होतं. तो अख्ख्या सिनेमातला सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे: माझं प्रेम आणि माझं मूल यांचं जमेल का? तिथून पुढं मला अजून हवं होतं. टॉमीला काय वाटलं, त्यानं माफ केलं का, डेव्हिड पुन्हा चिडला तर काय करायचं हे दोघांनी बोलून घेतलं का? पण तिथून पटकन समेट होतो. जोडीदार येऊ दे, जरूर येऊ दे. त्याच्या येण्यानंही नवे प्रश्न यावेत, जुने गुपचूप मिटू नयेत.

तुमच्या मुलानं त्यांना कसं स्वीकारलं ते लिहाल का? बळजबरी नाही.

---

दुसरं पान

हे पटलं.

मुलाचं म्हणाल तर खूप हळूहळू. पहिली दोन-तीन वर्षं तो ह्यांना कुठल्याच नावानं हाक मारायचा नाही. सरळ समोर जाऊन उभा राहायचा आणि बोलायला लागायचा. लांबून हाक मारायची वेळ आली तर मला सांगायचा, "त्यांना बोलाव." ह्यांनी कधी विषय काढला नाही. पुढे एकदा गर्दीत चुकामूक होता होता त्यानं जोरात नावानं हाक मारली, तेव्हापासून नावानंच चालू आहे. बाबा म्हणत नाही आणि आमची काही हरकत नाही.

---

कातरकाम

हे वाचून अंगावर काटा आला. हा सिनेमा आहे. कुणीतरी लिहा.

---

अवकाळी

रात्री लिहीन म्हणालो होतो, रात्र बरीच लांबली.

'आई कुठे काय करते'चं नाव अजून कुणी कसं काढलं नाही? २०१९ ते २०२४, एवढी वर्षं घराघरांत अरुंधतीची नवी सुरुवातच तर चालू होती. मूळ बंगाली 'श्रीमोयी', हिंदीत 'अनुपमा'. माझी आई एक भाग चुकवायची नाही.

---

टोकदार

मालिका आणि सिनेमाची तुलना नको. रोज एक भाग द्यायचा म्हटल्यावर तिच्यावर रोज एक संकट आणावंच लागतं. स्थिरस्थावर झालेली बाई मालिकेला परवडत नाही.

---

गवतफुला

टोकदार, तरी मी अवकाळींच्या बाजूनं. घटस्फोट हा शब्द जेवणाच्या टेबलावर निघत नव्हता अशा कितीतरी घरांत सासू-सुनांनी एकत्र बसून तिची बाजू घेतली. सिनेमा आवडीनं शोधणारे आपण मूठभर, मालिका न शोधताच समोर येते. त्या पहिल्या काही महिन्यांत, घरातल्या प्रत्येकाची कामं करणाऱ्या बाईला घरातलं कुणी ऐकूनच घेत नाही हे फार नेमकं दाखवलं होतं. मधुराणी प्रभुलकर नुसतं ऐकताना जे करायची ते पाहण्यासारखं होतं. पुढे भरकटली, ते मान्य.

---

व्यवस्थापक

मालिकेवर स्वतंत्र धागा काढता येईल. इथे सिनेमावर राहूया.

---

पोस्टकार्ड

परत मूळ प्रश्नाकडे. महेश भट्टांचा 'अर्थ' (१९८२) विसरून चालणार नाही. पूजाला नवरा सोडतो, ती कामकरी महिलांच्या वसतिगृहात राहते, नोकरी करते. शेवटी नवराही परत यायला तयार आणि राज नावाचा खरोखर भला मित्रही लग्नाला तयार. ती दोघांनाही नाही म्हणते.

पण लोक विसरतात ती गोष्ट अशी की पूजा एकटी राहत नाही, ती आई होते! रोहिणी हट्टंगडींनी केलेली घरकाम करणारी बाई मुलीच्या शाळेसाठी पै पै साठवते, नवरा ते पैसे उडवतो, ती त्याला मारून टाकते आणि तुरुंगात जाते. तिची मुलगी पूजा सांभाळते. म्हणजे शबाना आझमींची पूजा सिनेमाच्या शेवटी एकटी आई म्हणून सुरुवात करते. जिथं बाकीचे सिनेमे सुरू होतात तिथं हा संपतो.

त्याच वर्षीचा जब्बार पटेलांचा 'उंबरठा' याच्या शेजारी ठेवून पाहा. स्मिता पाटीलची सुलभा कामासाठी मुलीला सासरी ठेवून जाते. मुलगी असून तिला आई म्हणून जागा उरत नाही आणि इकडे पूजाला मूल नसताना ती मिळते. एकाच वर्षात दोन उत्तरं.

---

निळाई

पोस्टकार्ड, अर्थकडे असं कधी पाहिलं नव्हतं. आता पुन्हा पाहणार.

केतकीबनच्या प्रश्नाला माझं उत्तर 'हर्सेल्फ' (२०२०). डब्लिन शहर. मारझोड करणाऱ्या नवऱ्याला सोडून सँड्रा दोन मुलींना घेऊन बाहेर पडते आणि सरकारी सोयीनं विमानतळाजवळच्या एका हॉटेलात राहते. घर मिळायची चिन्हं नाहीत, तेव्हा ती स्वतःच छोटं घर बांधायचं ठरवते. ज्या डॉक्टरबाईंकडे ती साफसफाई करते, त्या आपल्या अंगणातली जागा देतात. सँड्राचं काम करणारी क्लेअर डन हिनंच पटकथाही लिहिलीय, दुसऱ्या एका लेखकाबरोबर.

सुरुवातीलाच नवरा अंगावर येतो तेव्हा सँड्रा मोठ्या मुलीला एक ठरलेला शब्द सांगते. मुलगी एक छोटी पेटी उचलते आणि दुकानाकडे धावत सुटते. पेटीत चिठ्ठी आहे: जीव धोक्यात आहे, पोलिसांना बोलवा. म्हणजे ह्या बाईनं हे आधीच ठरवून ठेवलं होतं, मुलीला शिकवून ठेवलं होतं. ह्या तयारीवरून त्या घरात किती वर्षं काय चाललं असेल ते कळतं. मागे जाऊन वेगळं सांगावं लागत नाही.

इथंही भला माणूस आहे, बांधकाम जाणणारा एइडो. पण तो भिंती उभारायला मदत करतो, तिला 'वाचवत' नाही. दर शनिवार-रविवारी माणसं जमतात, प्रत्येकाला काही ना काही येतं. एकटी आई एकटी उभी राहत नसते हो, चार माणसं लागतात. पण ती चार माणसं गोळा करणं हेही तिचंच काम असतं आणि त्याचं श्रेय तिला कुणी देत नाही.

शेवट सांगून टाकते. घर पूर्ण होतं आणि नवरा ते जाळतो. मला इतका संताप आला की उठून जावंसं वाटलं. पण मग मुलींसह ती पुन्हा त्याच जागी ढिगारा उपसायला लागते. सुरुवात एकदाच करून भागत नाही, हे मला ठाऊक होतं. पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं.

---

शेवरी

+१. आणि कोर्टाचा प्रसंग! मुलींचा ताबा ठरवताना तिलाच विचारलं जातं की तू आधी का सोडून गेली नाहीस. मारणाऱ्याला कुणी का विचारत नाही की तू का मारलंस, असं ती उलट विचारते.

---

अवकाळी

उलट बाजूचा एक सिनेमा ठेवतो. शॉन बेकरचा 'द फ्लोरिडा प्रोजेक्ट' (२०१७). ऑरलँडोजवळच्या डिस्नेच्या मायानगरीला खेटून असलेल्या मोटेलमध्ये हॅली आणि तिची सहा वर्षांची मूनी राहतात. हॅली 'चांगली आई' नाही. शिव्या देते, नोकरी टिकवत नाही, भाड्यासाठी नको ते करते. आपल्याला आवडणाऱ्या ह्या सगळ्या नायिका कष्टाळू आणि सुस्वभावी आहेत. पण नवी सुरुवात जमतच नाही अशाही आया असतात. त्यांच्याबद्दलही तितकीच माया वाटायला हवी.

सगळं मूनीच्या उंचीवरून दिसतं. तिच्यासाठी ती सुट्टीच आहे. माझ्या आईनं मला एकटीनं वाढवलं, आणि मला त्या काळातलं दारिद्र्य आठवत नाही, खेळ आठवतात. वीज गेलेली नसायची, बिल थकलेलं असायचं, हे मला फार नंतर कळलं. आम्ही मात्र अंधारात सावल्यांचे प्राणी करायचो.

---

टोकदार

अवकाळी, सुरेख लिहिलंत. विलेम डॅफोचा मोटेल-व्यवस्थापकही विसरू नका. भाडंही मागतो आणि पोरांवर लक्षही ठेवतो. मदत कशी करावी याचा उत्तम नमुना.

---

गवतफुला

एक व्यावहारिक प्रश्न. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. नुकतंच आम्ही दोघीच राहायला लागलोय. यातलं तिच्याबरोबर काय पाहू?

---

केतकीबन

गवतफुला, निल बटे सन्नाटा निःशंक पाहा, फक्त मग ती शेवरींसारखी अपेक्षाची बाजू घेऊन भांडली तर भांडू दे. बॉयहुड पावणेतीन तासांचा आहे आणि दारूच्या प्रसंगांत भीती वाटते, तो एक-दोन वर्षांनी. अ‍ॅलिसमध्ये हार्वी काइटेलचं पात्र काच फोडून घरात घुसतं तो प्रसंग हिंसक आहे, भाषाही मोकळी आहे. हर्सेल्फ तू आधी एकटी बघ, सुरुवातीची मारहाण तिच्यासाठी फार होईल. फ्लोरिडा प्रोजेक्टमध्ये मुलं असली तरी तो मुलांचा सिनेमा नाही.

---

निळाई

आणि गवतफुला, सिनेमा कधीही बघा, पण मुलगी आजारी पडली तर त्या दिवशी कोणाला फोन करायचा ते आजच ठरवून ठेवा. दोन नावं तरी हवीत. व्यक्तिगत निरोप पाठवते.